हिरवी भिंत

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत, खोलीबाहेरच्या गॅलरीत, तेलाच्या डब्यांमध्ये मी बाग केली होती. अबोली, ओवा, मोगरा. डब्यांचं पाणी वर्षानुवर्षं मागच्या भिंतीत मुरलं आणि गिरण्यांच्या काळातल्या त्या चुन्यातून नेचे फुटले, शेवाळ चढलं. मधूनच जुन्या निळ्या रंगाचे पापुद्रे डोकावायचे. असा रंग दुकानात मिळत नाही. मी चित्रकार, त्या भिंतीने मला वेड लावलं होतं. पण चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, महिन्याभरात खोल्या सोडायच्या होत्या. त्याआधी मला ती भिंत कॅनव्हासवर हवी होती. फोटोवरून रंगवणं मला जमत नाही, म्हणून रोज सकाळी भिंतीसमोर स्टूल टाकून बसायचो. चित्र अर्धं झालं होतं.

एका दुपारी दादरहून रंग घेऊन आलो आणि जिन्याच्या तोंडाशीच थिजलो. अख्खी भिंत हिरव्यागार ऑइलपेंटने चकचकीत! नेचे उपटलेले, शेवाळ खरवडलेलं. मी ओरडलोच, "कोणी केलं हे?"

शेजारची म्हातारी मालवणी काकी ब्रश घेऊन पुढे आली. "मिया रंगवलंय. बरी दिसता मा?"

"काकी, माझं चित्र मातीत घातलंस तू!"

तिने ओल्या भिंतीवर हात ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "झिला, ही आता जातली. सवाष्ण गेली तर तिका हिरव्या लुगड्यात पाठवतत ना? मगे हिका अशीच धाडूची?"

काकी नवी नवरी म्हणून शेजारच्या त्याच खोलीत आली होती. गिरणीतला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून तिने हिरवं म्हणून काही अंगाला लावलं नव्हतं, बांगडीसुद्धा नाही. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मी तिच्या मोकळ्या मनगटांकडे बघत होतो. तिथवर रंग माखला होता.

भिंत आता नाही. चित्र माझ्याकडे आहे. अर्ध्या भागात नेचे आहेत, उरलेल्या अर्ध्यात ती दोन हिरवी मनगटं.