हात केल्याशिवाय न थांबणारी गाडी

काल संध्याकाळी कुवेतमधल्या आमच्या सलवातल्या घरी पडल्या पडल्या मी एका स्कॉटिश रेल्वे स्टेशनाचा तीव्र निषेध नोंदवला. तिथे चहा मिळत नाही. ज्या स्थानकात चहा नाही त्याला स्थानक का म्हणावं, हे कुणीतरी मला समजावून सांगावं...

लेक ऋचा दोन महिन्यांपूर्वी तिकडच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाली. हे तिच्या खोलीजवळचं स्टेशन. पोरीचा जन्म कुवेतचा, आणि इथे रेल्वेच नाही. त्यामुळे तिच्या वतीने अभ्यास मी करतो. ऑफिसातून दमून आलो की मोबाइलवर तेच वाचत पडतो.

स्टेशन व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, मेंढ्या आणि मासे नेण्यासाठी बांधलेलं. पुढे मेंढ्या ट्रकने जाऊ लागल्या, आणि स्टेशनमास्तर हे पद निर्वाणाला गेलं. आता तिथल्या यच्चयावत सेवा म्हणजे एक बाक, एक पत्र्याची शेड आणि दिवसाला चार गाड्या. "परीक्षा कधी आहे तुमची?" असं बायकोने विचारून झालंय.

काल व्हिडिओ कॉलवर ऋचाला मी ताजी माहिती ऐटीत पुरवली... तिथे गाडी आपोआप थांबत नाही. आपल्याकडे एसटीला करतात तसा ड्रायव्हरला हात करावा लागतो.

"माहितेय बाबा. पहिल्याच दिवशी कळलं."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. निघताना मीच तिला बजावलं होतं, पिवळ्या रेषेच्या मागे उभी राहा, गाडी पूर्ण थांबली की मगच पुढे हो. रुजू व्हायच्या दिवशी ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात कोटाच्या खिशात. गाडी समोरून निघून गेली. पुढची तीन तासांनी. पाऊस, वारा, आणि प्लॅटफॉर्मवर दुसरं कुणी नाही.

"इट्स फाइन, बाबा. तुम्ही उगाच टेन्शन घेतलं असतं."

कॉल संपल्यावर त्या दिवशीचे मेसेज काढून पाहिले. त्या तीन तासांतलाच एक होता... 'ऑल गुड. गाडीत बसले.' त्यावर मी अंगठा पाठवून माझ्या मीटिंगला गेलो होतो.

तिचा 'ऑल गुड' अजूनही रोज येतो. पूर्वी तो वाचून मी निश्चिंत व्हायचो. आता भीती वाटते... आणखी काय काय तिने आम्हाला सांगितलं नसेल.