दोन्ही बाजूंचं एकमत

कारखान्यात तिला सगळे दुभाषीबाई म्हणत. घरी लेक आई म्हणायची, नवरा हयात असताना 'अगं' म्हणायचा. पण बावीस वर्षांत सगळ्यात जास्त कानावर पडली ती हीच हाक.

परदेशी भाषा ती शाळेत शिकलेली नव्हती. विशीत एका परदेशी जोडप्याच्या घरी त्यांची मुलगी सांभाळायला जायची, तेव्हा त्या चिमुरडीबरोबर तीही बोलायला शिकली. त्यामुळे त्या भाषेतले तिचे पहिले शब्द म्हणजे 'नको', 'दुखतंय' आणि 'उचलून घे'. व्यापारातले भारदस्त शब्द पुढे आले. पण माणूस खरं बोलतोय की वेळ मारून नेतोय, हे ऐकण्याचा कान तिला त्याच घरात लाभला.

लहान मुलांच्या लाकडी खुर्च्यांचा तो कारखाना. जेवणाच्या टेबलाला लावायच्या, उंच पायांच्या, पुढे आडवी पट्टी असलेल्या. सगळा माल परदेशी जायचा. मालक भिडस्त माणूस, गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. ते 'बघतो' म्हणत, 'करू काहीतरी' म्हणत आणि समोरच्याने काय ते ओळखावं अशी अपेक्षा ठेवत. समोरचा खरेदीदार साडेसहा फूट उंच, म्हणून कारखान्यात त्याचं नाव लंबू. लंबूच्या मुलखात हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. मधलं सगळं त्याला लबाडी वाटायचं. या दोघांच्या मध्ये बाईंची खुर्ची. मालक 'बघतो' म्हणाले की त्या लंबूला सांगत, "हे जमणार नाही, पण त्यांना तसं म्हणायला संकोच वाटतोय." लंबू फटकन काही बोलला की मालकांना सांगत, "रागावलेला नाही, त्यांची बोलायची रीतच तशी." अशी बावीस वर्षं निभावली. तंटा म्हणून कधी झाला नाही.

मग एका वर्षी लंबूने आठ आठवड्यांत तीन हजार खुर्च्या मागितल्या.

बैठकीला मिस्त्रीही होते. लाकडावरून नुसता हात फिरवून ते किती वाळलंय हे सांगणारा म्हातारा. त्यांनी मालकांच्या कानाशी लागून, पण बाईंना ऐकू जाईल असं सांगितलं, "लाकूड ओलं आहे. अजून तीन महिने तरी खोलीत वाळू द्या. नाहीतर पुढे आकसेल आणि सांधे ढिले पडतील."

मालकांनी मान डोलावली, लंबूकडे बघून हसले आणि म्हणाले, "करू. करू काहीतरी."

बाईंनी शब्द सांगितले, त्यामागचा अर्थही सांगितला. लंबूने वहीत काहीतरी लिहिलं. जिन्यात मात्र त्याने त्यांना थांबवलं.

"ते हो म्हणाले ना?"

"नाही म्हणाले. लाकूड ओलं आहे. तीन महिने लागतील."

"पण शब्द कोणता वापरला? 'करू' हाच ना?"

"शब्द तोच."

"मग मी तोच लिहितो," लंबू म्हणाला. "माझ्या ऑफिसला शब्द लागतो, बाकीचं मला सांगून काय उपयोग?"

बाई तशाच माघारी वर गेल्या. "साहेब, तो तुमचं 'करू' लिहून नेतोय. त्याला कळलंय, तरी नेतोय. आत्ताच स्पष्ट सांगा."

मालक चष्मा पुसत होते. "नेऊ द्या हो बाई. वेळ आली की समजावू. तुम्ही आहात ना."

वेळ आली ती हिवाळ्यात, ओल्या लाकडाच्याच खुर्च्या तिकडे पोचल्यावर. तिकडच्या गरम केलेल्या बंद खोल्यांमध्ये लाकूड आकसलं, सांधे सुटले. दोन वर्षांची एक मुलगी खुर्चीसकट पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. फोटो आधी बाईंनीच पाहिला, कारण सोबतचं पत्र वाचून दाखवायचं काम त्यांचं. फोटोतल्या पोरीच्या गळ्यापासून दंडापर्यंत पट्टी होती आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता दुसरीकडेच कुठेतरी बघत होती. त्या दिवशी बाईंना डबा उघडवला नाही.

पुढच्या आठवड्यात पडद्यावर बैठक झाली. तिकडून लंबू आणि त्याचा वकील, इकडून मालक, मिस्त्री आणि मध्ये बाई. पहिला तासभर दोन्हीकडून नुसती टोलवाटोलवी. मग वकिलाने लंबूला काहीतरी दाखवलं, लंबूने घसा खाकरला आणि खाली बघत बोलू लागला.

बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता भाषांतर करायचं राहून गेलं.

"काय म्हणतोय?" मालकांनी विचारलं.

"म्हणतोय, लाकूड ओलं असल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही." बाईंनी वाक्य पुरं केलं. "म्हणतोय, चूक दुभाषीची असणार."

मालकांनी टेबलाकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं. बाईंकडे मात्र बघितलं नाही.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "आमचंही तेच मत आहे."

बावीस वर्षांत मालक पहिल्यांदाच इतकं स्वच्छ बोलले. त्यात अर्थ लावण्यासारखं काहीच नव्हतं. बाईंनी ते वाक्य परदेशी भाषेत सांगितलं. एकही शब्द सोडला नाही, एकही पदरचा घातला नाही. पडद्यावर लंबूने मान हलवली. दोघांचं पटलं.

समेटाचं पत्र दोन्ही भाषांत हवं होतं आणि ते करायला दुसरं माणूस नव्हतं. 'सदोष भाषांतरामुळे झालेला गैरसमज' हे शब्द बाईंनी स्वतःच्या हाताने टाइप केले. लेक घरी खवळली, "आई, तू केलंसच का? उठून निघून यायचं ना!"

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यात चुका राहिल्या असत्या," बाई म्हणाल्या. लेकीला ते ऐकून रडू कोसळलं; बाईंना नाही.

महिनाअखेरीस त्यांना निरोप दिला. दुसऱ्या दोन कारखान्यांत त्या विचारायला गेल्या. दोन्हीकडे चहा मिळाला, आदर मिळाला, आणि "तुमच्याबद्दल ऐकलं हो, वाईट झालं," हेही मिळालं. काम मिळालं नाही.

एका रविवारी मिस्त्री घरी आले. बराच वेळ खुर्चीच्या हातावर अंगठा घासत बसले.

"मी होतो तिथे," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही मालकांना सांगायला वर आलात, तेव्हा मी दाराशीच होतो. सगळं ऐकलं. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुम्हाला विचारलं नाही?"

मिस्त्रींचा अंगठा थांबला. "विचारलं," ते म्हणाले.

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. चहा झाल्यावर मिस्त्री उठले, चपला शोधू लागले. म्हाताऱ्याला वाकणं जमत नव्हतं, हे बाईंना दिसत होतं. त्या कपबशा उचलून आत गेल्या आणि त्याच्या चपला त्यालाच शोधू दिल्या.