दोरीपलीकडचा चेंडू

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणारा माणूस क्रिकेट शिकवायला लागला तर काय शिकवेल, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. मामा मोजमाप शिकवत. ऑफ स्टंपापासून समोरच्या टोकापर्यंत ते एक पांढरी दोरी ताणून बांधत आणि नव्या पोरांना सांगत, "दोरीपलीकडचा चेंडू आपला नाही. सोड." पहिले तीन महिने बॅट हातात मिळे, पण चेंडूला लावायला बंदी. बावीस वर्षांत या मैदानावर सर्वांत जास्त उच्चारला गेलेला शब्द 'सोड' हाच. खरं तर ते मामा एकाच मुलीचे, पण तिच्यामुळे सगळ्या क्लबचे झाले.

पालकांची तक्रार रास्त होती. पोरगा रोज बॅट घेऊन जातो आणि नुसता उभा राहून येतो, हे शेजाऱ्यांना कसं समजावायचं? क्लबचे अध्यक्ष फरशांचे व्यापारी होते. त्यांना चकचकीत गोष्टींची आवड, आणि पलीकडच्या नव्या अकादमीकडे चेंडू फेकणारं यंत्र होतं. त्यांनी मामांना चहा पाजून सांगितलं की रविवारचा अंतिम सामना जिंकला तर ठीक, नाहीतर पुढच्या मोसमापासून सरावाचं नेट अकादमीवाल्यांकडे. मामांनी मान हलवली आणि अर्धा चहा तसाच ठेवला. मामा सहसा काही उष्टं टाकत नसत.

रविवारी शेवटच्या ओव्हरला तीन धावा हव्या होत्या. शेवटची जोडी मैदानात, आणि खेळायला भाचीच होती. वय तेरा, हेल्मेट एक माप मोठं. दुसऱ्या चेंडूवर तिने दोन धावा पळून काढल्या आणि बरोबरी झाली. आता एकच हवी. बरोबरी राहिली तर चषक गतविजेत्यांचा, म्हणजे समोरच्यांचा.

तिसरा चेंडू बाहेरून गेला. तिने सोडला. अध्यक्ष मामांच्या कानाशी येऊन म्हणाले, "बॅट काय वारा घ्यायला दिलीय का हिला?" मागच्याच सामन्यात बाहेरून ओरडल्याबद्दल पंचांनी मामांना तंबी दिली होती, म्हणून काचा पुसायचं फडकं त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. चौथा तिने मारला, तो सरळ क्षेत्ररक्षकाच्या हाताशी. पाचवा बॅटची कड चुकवून गेला, आणि यष्टिरक्षक एवढ्या मोठ्याने ओरडला की मामांच्या पाचावर धारण बसली.

शेवटच्या चेंडूला सगळे क्षेत्ररक्षक इतके जवळ आले की जणू तिचं गुपित ऐकायचं होतं. गोलंदाज धावत निघाला. मामा उभे राहिले. सीमारेषेवर ते अगदी बाजूला, खेळपट्टीला काटकोनात उभे होते. तिथून चेंडूचा वेग दिसतो, उंची दिसते, पण तो दोरीच्या अलीकडे की पलीकडे, हे देवालाही कळणार नाही. हे त्यांनी स्वतःच शेकडो पालकांना ऐकवलं होतं.

चेंडू हातातून सुटला आणि बावीस वर्षं 'सोड' म्हणत आलेला माणूस एका क्षणात मोडला.

"मार!"

भाचीने बॅट खांद्यावर नेली, हात उंच केले आणि चेंडू जाऊ दिला.

यष्टिरक्षकाच्या हातमोज्यात तो थपकन बसला. फडकं खाली पडलेलं मामांना कळलं नाही. त्यांनी पंचांकडे पाहिलं. पंच चेंडू पडल्याच्या जागेकडे पाहत होते, आणि तो माणूस आयुष्यात कधी घाईत नसावा. मग त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. वाइड. हवी होती ती एक धाव.

अध्यक्ष सगळ्यांशी हात मिळवू लागले. सोडायला शिकवणं हेच खरं शिकवणं, हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, असं ते तिघांना सांगून आले.

भाची हेल्मेट काखेत धरून शांतपणे आली. मामांनी विचारलं, "मी ओरडलो ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. आधी वाटलं त्यांच्यातलाच कुणी फसवतोय. मग आवाज ओळखला."

"आणि तरी सोडलास?"

"तुम्हाला तिथून दोरी दिसत नव्हती, मामा."

मामांनी चष्मा काढला. फडकं शोधलं, सापडलं नाही, तेव्हा स्वच्छच असलेल्या काचा सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

नेट त्यांच्याकडेच राहिलं. पुढच्या सरावाला त्यांनी दोरी नेहमीसारखी ताणली. एका नव्या पोराने विचारलं की मारायचं कधी. मामांनी पलीकडे पॅड बांधत बसलेल्या भाचीकडे बोट दाखवलं. "तिला विचार," ते म्हणाले. "मला बाहेरून दोरी दिसत नाही."