कोणतेही एक

मल्लू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडं त्याची बायको, पारूवहिनी. "भावजी, तुमचं दोस्त गेलं बगा," एवढंच बोलल्या. अर्धी दाढी तशीच पुसली आणि हुपरीची एसटी धरली. मातीला त्याच्याबरोबर वाजवणारे झाडून सगळे आले होते, पण वाजवायला कुणाचा हात उचलत नव्हता. मला मात्र रडू आलं तिसऱ्या दिवशी, आणि तेही कुठं, तर कोल्हापुरात फ्लेक्सच्या दुकानात. शोकसभेसाठी फलक करायचा होता. दुकानदारानं मल्लूचा फोटो लावला, खाली नाव टाकलं आणि विचारलं, "काका, नावाखाली काय घालू? ढोलकीवादक?"... "न्हाय!" मी एवढ्या जोरानं ओरडलो की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढली. हा शब्द मी एकदा मल्लूच्या नावापुढं लिहिला होता. पुन्हा लिहिणार नव्हतो.

मल्लू हुपरीत चांदीकाम करायचा. पैंजणाला घुंगरं जोडून झाली की पैंजण कानाशी हलवून बघायचा. जरा बद्द वाजलं की परत उकलायचा. मी सरकारी कचेरीतला कारकून. आमच्या शाहिरी पथकात मी तुणतुणं धरायचो आणि मल्लू बाकीचं सगळं. ढोलकी, हलगी, संबळ, चौंडकं, दिमडी, सनई... ज्या दिवशी जो गडी आला नाही, त्याचं वाद्य मल्लूच्या हातात, आणि ऐकणाऱ्याला वाटावं हा जन्मभर हेच वाजवतोय. प्रत्येक वाद्य त्यानं ज्याचं होतं त्याच्या दारात जाऊन घेतलेलं. संबळ एका गोंधळ्याकडून, चौंडकं एका म्हाताऱ्या जोगतिणीकडून, हलगी गावाबाहेरच्या वस्तीत बसून. हलगीपायी तर भावकीनं त्याला वर्षभर पंगतीला बोलावलं नाही. पठ्ठ्या हटला नाही. "जेवान घरात मिळतंय की. हलगी मिळतीया व्हय?" म्हणायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं रेडिओचं डोक्यात घेतलं. लोकवाद्यांची चाचणी द्यायची, पास व्हायचं आणि निवेदिकेनं आपली सगळी वाद्यं एका दमात सांगायची. अर्ज लिहायचं काम माझ्याकडं, कारण माझं अक्षर चांगलं. मल्लूची शाळा सीमेपलीकडं कन्नडमध्ये झालेली, मराठी अक्षरं त्याला जुळवून वाचावी लागत; मी लिहिलं की तो न वाचता सही ठोकायचा. अर्जात बोटभर रकाना होता : वाद्य (कोणतेही एक). त्यानं मला सात लिहायला लावली. सातवं तुणतुणं.

"तुणतुणं कशाला रे? ते माझं आहे."

"म्हणूनच लिव. त्यातला माझा मास्तर तूच की लेका!"

अर्ज परत आला. वर शेरा : एकच वाद्य नमूद करावे. दुसऱ्या वर्षी पुन्हा सात, पुन्हा परत. मी वैतागलो. "मल्लू, एकदा आत तर जा! मग वाजव काय वाजवायचं ते." तो मान हलवेना. "एक लिवलं की बाकीच्यांस्नी दाराबाहीर हुबं केल्यागत हुतंय. त्यांच्या दारात मी जेवलोय."

तिसऱ्या वर्षी मी त्याला न सांगता 'ढोलकी' लिहिलं. त्यानं नेहमीसारखी सही केली. त्याच्या भल्यासाठीच केलं, असं मी स्वतःला बजावत होतो... कसलं भलं! माझा कारकुनी रकाना भरायची घाई, दुसरं काय.

बोलावणं आलं. मल्लू सातही वाद्यांचं गाठोडं घेऊन हजर. साथीला मी. दारावरच्या माणसानं यादी वाचली, "ढोलकी. बाकी सामान इथंच ठेवा." मल्लूनं एकदा माझ्याकडं बघितलं. गाठोडं भिंतीशी नीट टेकवलं, ढोलकी उचलली आणि आत गेला. मी तुणतुणं घेऊन, खाली मान घालून मागं.

आधी त्यानं ढोलकी वाजवली ती स्वच्छ, देखणी. मग बोटातली चांदीची अंगठी लाकडी कडेवर कडकडली आणि हलगी सुरू झाली. देवाशपथ, हलगी! डाव्या पुडीवर तळहात दाबून त्यानं संबळ घुमवला, मग चौंडक्याची ती सरकती टुंग काढली, नुसत्या बोटांनी दिमडी वाजवली. मला धड तार छेडायचं भान राहिलं नाही. काचेपलीकडून आवाज आला, "फक्त ढोलकी वाजवा."

"ढोलकीच हाय की सायेब," मल्लू म्हणाला आणि वाजवत राहिला.

नापास. रस्त्यावर आल्यावर त्यानं विचारलं, "तू लिवलंस?" मी म्हणालो, "व्हय." तो गाठोडं खांद्यावर टाकून स्टँडकडं चालू लागला. गाडी लागली तेव्हा म्हणाला, "सनई तेवढी आत न्ह्यायची ऱ्हायली बग."

मला वाटलं मिटलं. पुढच्या वर्षी तो नवा अर्ज घेऊन दारात उभा. "लिव. सगळी. दोन वळीत बसीव." मी लिहिलं. सहीसाठी पेन पुढं केलं, तर त्यानं कागद ओढून घेतला, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागला. स... न... ई. सातवं वाद्य येईपर्यंत मी समोर बसून होतो. मारलं असतं तरी चाललं असतं. त्यानंतर दरवर्षी सात वाद्यं, दरवर्षी अर्ज परत, आणि दरवर्षी सहीआधी ते बोट. आमची दोस्ती होती तशीच राहिली, चहा राहिला, चिडवणं राहिलं. मी माफी मात्र मागितली नाही.

फ्लेक्सच्या दुकानदाराला मी सातही नावं सांगितली. "एवढं बसत न्हाय काका."

"मग फोटो बारका कर."

त्यानं फोटो तिकिटाएवढा केला. छापायच्या आधी कागद काढून पुढं सरकवला, "वाचून सही करा." मीच सांगितलेली नावं, माझंच मराठी, एका नजरेत वाचून झालं असतं. पण मी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. स... न... ई. ढो... ल... की. ह... ल... गी. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, खोळंबू दे. संबळ झाला, चौंडकं झालं, दिमडी झाली. तु... ण... इथं अक्षरं दिसेनाशी झाली. चष्मा पुसला, बोट तिथंच ठेवलं होतं. उरलेली दोन अक्षरं वाचली आणि मग सही केली.