गणपतीच्या फळीवर आठ तास

लोखंड ओतायच्या फौंड्रीत सेफ्टी ऑफिसर म्हणून मी काय करायचो, तर पाट्या लावायचो. 'कान जपा' ही पाटी ग्राइंडरच्या अगदी डोक्यावर होती. कानात घालायचे इअरप्लग मात्र माझ्या कपाटात, कुलपात. ऑडिटच्या दिवशी वाटायचे, संध्याकाळी परत घ्यायचे. कामगाराचा कान गेला तरी चालेल, इअरप्लग हरवता कामा नये, असा सगळा कारभार.

माझा थोरला भाऊ, अण्णा, त्या ग्राइंडरच्याच खात्यात. बिडाच्या ओतीव भागांच्या, म्हणजे कास्टिंगच्या, कडा ग्राइंडरवर घासायचं त्याचं काम. त्याच्या पगारावर मी शिकलो आणि त्या शिक्षणाच्या जोरावर काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. अण्णाला कमी ऐकू यायला लागलं होतं. आवाज मर्यादेबाहेर आहे असं एकदा कागदावर आलं असतं, तर त्याची बदली स्टोअरला झाली असती. त्या एका कागदासाठी मी मॅनेजरांच्या मागे लागून मोजणी करायला लावली.

मोजायला बाहेरून एक साहेब आले. खात्यात पाच मिनिटं थांबले आणि दोन्ही कानांवर हात ठेवून केबिनमध्ये चहाला पळाले. कामगाराच्या अंगावर दिवसभर राहून आवाज मोजणारं डबीएवढं यंत्र त्यांनी त्याआधी अण्णाच्या कॉलरला लावलं होतं. मॅनेजरांनी अण्णाला एवढंच समजावलं, "लई म्हागाचं हाय. मोडलं तर तुझ्यावर येईल." ते कशासाठी आहे, हे कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. मोठा शिकलेला ना मी!

आठवड्याने रिपोर्ट आला. आवाज मर्यादेत. मॅनेजरांनी मिठाई म्हणून कुंदा वाटला. जिथे शेजारच्याला हाक मारायची तर खांदा हलवावा लागतो, ते खातं एकाएकी शांत कसं झालं, असं एकालाही वाटलं नाही. कानांवर हात ठेवून पळालेल्या साहेबांनाही नाही.

त्या दिवशी सुटल्यावर बसस्टॉपवर मी अण्णाला ओरडून विचारलं, "मोजणीच्या दिशी ते यंत्र दिवसभर अंगावरच हुतं न्हवं?"

"येडा हाईस काय रं? ठिणगी लागून मोडलं असतं म्हंजे? तुझ्याबी नोकरीवर आलं असतं. धुतलेल्या टावेलात गुंडाळलं आन् कपडे बदलायच्या खोलीत गणपतीच्या फळीवर ठेवलं. सुटताना परत लावलं. वरखडाबी उठू दिला न्हाय."

खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावणारी आमची माणसं. महागाची वस्तू हातात आली की ती वापरत नाहीत, पुजतात. साहेबांच्या यंत्राने आठ तास गणपतीजवळचा आवाज मोजला होता.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट माझ्या सहीसाठी टेबलावर आला. 'मोजणी पुन्हा घ्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण मॅनेजर समोर उभे होते. "उगाच बोंब मारत होतास," म्हणाले आणि पेन पुढे केलं. मी सही केली. मॅनेजरांना काय नावं ठेवायची, सही करताना पेन काही त्यांनी धरलं नव्हतं. त्यांनी त्या रिपोर्टला चौकट करून तो गेटजवळ लावला, आणि अण्णा पुढची सगळी वर्षं त्याच ग्राइंडरवर राहिला.

आता तो घरीच असतो. कुकरसमोर बसून वहिनीला विचारतो, "शिट्टी झाली काय गं?" वय झालं म्हणून असं होतंय, अशी त्याची समजूत आहे. खरं काय ते मी त्याला दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा पाठीमागे बसून, नेहमीच्या आवाजात. ओरडून सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.