कोंबडीची हाडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण सरळ जमेल का, माहीत नाही. आधी खाण्याचंच सांगते.

पिंपरी पेंढारला लग्न होऊन आले, तो पहिला उन्हाळा. सासूबाई माळकरी, घरात अंडंसुद्धा चालत नाही. आणि मी पुण्यात नोकरी करताना चिकन पास्ता सॅलडवर जगलेली बाई! त्या उन्हात झणझणीत आमटी घशाखाली उतरेना. मग काय — दुपारी सगळे आडवे झाले की मागच्या शेडमध्ये शेगडी पेटायची. बाजारातून गुपचूप आणलेलं चिकन मीठ-मिरी घालून उकडायचं, हाडावरून सोडवायचं, उकडलेल्या पास्त्यात काकडी, सिमला मिरची, थोडा चक्का, वर लिंबू. घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार कसं? डबा ओल्या फडक्यात गुंडाळून गार करायचा. पोटाला हलकं, अंगात ताकद. लाज वाटते सांगायला, पण ती चव मला अजून आवडते.

आणि हाडं? कातडी? — पुरायला हवी होती. पण खड्डा खणताना कुणी पाहिलं असतं तर? शेडमागे लगेच ऊस. द्यायची भिरकावून. उसात बिबट्या असतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. असलं काही उसाकडे टाकू नका, असं वनखात्याची गाडी भोंग्यावरून ओरडून गेली होती. मी ऐकलं होतं. सकाळी हाडं दिसायची नाहीत. कुत्री नेत असतील, म्हणायचे मी. मग कुत्रीच शेडकडे फिरकेनाशी झाली. तरी मी थांबले का? नाही.

त्याच सुमारास सासऱ्यांनी उसाशेजारच्या रानात मेंढ्या बसवल्या. लेंडीखत मिळतं म्हणून बसवतात. मेंढ्या धोंडिबाच्या. तो आणि त्याची बायको सखुबाई तिथंच, मेंढ्यांभोवती जाळीचा वाडा करून, उघड्यावर राहायचे. एका संध्याकाळी सखुबाई आमच्या शेडजवळच्या नळावर हंडा भरायला वाकली, आणि उसातून बिबट्या आला.

जीव वाचला तिचा. हात गेला.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. "मेंढरांच्या वासानं आला त्यो. वाडा हलवा राव आजच्या आज!" सासरेही तेच म्हणाले. धोंडिबा रात्रभर दवाखान्यात बसून आलेला. तो शेडकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला.

"ताई, हितं कुनी काय टाकत व्हतं का? आमची बाई म्हनायची, दुपारचा कोंबडीचा वास येतोय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निदान मला तसं वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "आमच्या घरात कोंबडी शिजतच नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. किती सहज निघालं ते तोंडातून! भीती वाटली म्हणू? भीती कसली — घरात बोलणी बसली असती, एवढंच.

"मंग आमचंच चुकलं असंल," धोंडिबा म्हणाला.

बायको दवाखान्यात, आणि हा एकटा जाळी गुंडाळतोय, घोड्यावर बिऱ्हाड चढवतोय. ऊन चढलं होतं. मी तांब्या नेऊन दिला. तो घटाघटा प्यायला आणि माझ्यापुढे हात जोडले त्याने.

"लई उपकार, ताई."

मी रिकामा तांब्या घेतला आणि घरात गेले.