न फुटणारं वासरू

माझ्या भावजयीला मुलं टाकेबाई म्हणतात. समोर नुसतं ‘बाई’, पाठ फिरली की टाकेबाई. कारण तिच्या तोंडी सदा टाके असतात. कुणी वर्गात फार बडबडलं की ‘तोंडाला टाका घालीन’, कुणाची वही फाटली की ‘आण इकडे, दोन टाके घालते’. आठवडाभर ती घरी पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवते. रविवारी उपासना चालू असताना चर्चच्या मागच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग घेते. ती खोली म्हणजे मोडक्या बाकांची, पोछ्याच्या बादलीची आणि उंदरांनी भाता कुरतडलेल्या एका पेटीची. उरलेल्या जागेत धर्मशिक्षण.

हे ती लग्नाच्या आधीपासून करते आहे. आता वर्गात बसणाऱ्या काही मुलांच्या आयाही तिच्याच हाताखालून गेल्या. त्या आयांकडे बघून शिकवण्याचा फार उपयोग झाला असं मला वाटत नाही, आणि मी ते तिला बोलूनही दाखवलं आहे. मी तिची थोरली नणंद. माझा भाऊ गेल्यापासून आम्ही दोघी एका घरात राहतो. एकमेकींना काय बोलायचं याचा विधिनिषेध कधीच संपला.

तिच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात मुलं एकाच धड्याची वाट बघतात, मूर्तिपूजेच्या. कारण त्या दिवशी काहीतरी फोडायला मिळतं. ती आधी आठवडाभर खपून रद्दीच्या लगद्याचं वासरू करायची, खिडकीत वाळवायची, वर सोनेरी रंग द्यायची. रविवारी ते स्टुलावर ठेवून गोष्ट सांगायची: लोकांचा पुढारी मोशे देवाला भेटायला डोंगरावर गेला तो परत येईना, खाली लोकांनी त्याच्या भावाच्या, अहरोनाच्या मागे लागून सोन्याचं वासरू करवून घेतलं आणि त्याच्यापुढे नाचले. गोष्ट संपली की ती पिशवीतून लाटणं काढायची. मुलं ओळीनं येऊन एकेक तडाखा द्यायची. वासराचा भुगा झाला की ती केरसुणीनं तो गोळा करत म्हणायची, ‘बघितलंत? जे फुटतं ते देव नव्हे.’ मग बिस्किटं. मुलांना बिस्किटं आणि फोडाफोडी लक्षात राहायची. तेही काही कमी नाही.

या वर्षी तिच्या बोटांनी संप केला. सांधे सुजलेले, लगदा मळवेना. म्हणून तिनं वासरू शिवलं. कुठल्याशा शाळेच्या नाटकातल्या राजाच्या झग्याचं सोनेरी सॅटिन उरलं होतं, ते वरून. आत गणवेशांची कात्रणं ठासून भरली. डोळ्यांना कोटाची काळी बटणं. शिवणकाम म्हटलं की बाईला राहवत नाही. कान दुमडून शिवले, शेपटीला गोंडा केला, पापण्यासुद्धा काढल्या. ते मशीनवर उभं राहिलं तेव्हा मी म्हटलं, ‘हे फोडायचं आहे ना? मग इतकं कशाला नटवतेस?’ ती म्हणाली, ‘वाईट दिसायला नको.’

दोन शिकलेल्या-सवरलेल्या बायका घरात, आणि आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही की कापडाचं वासरू फुटत नाही.

पुढचं मला तिनंच सांगितलं, तेही चपला काढायच्या आधी. पहिल्या पोरानं लाटणं हाणलं. वासरू बसलं आणि पुन्हा फुगून उभं राहिलं. दुसऱ्यानं हाणलं, तेच. पोरं हसून लोळायला लागली. कुणी त्याला लाथ मारली, ते उडून पेटीवर पडलं आणि पेटीनं एक सूर काढला. त्यावर आणखी हशा. मग पुढचे दात पडलेली एक मुलगी उठली, तिनं वासराला उचलून कडेवर घेतलं, त्याची धूळ झटकली आणि विचारलं, ‘बाई, जे फुटतं ते देव नव्हे. हे फुटत नाही. मग हे देव आहे का?’

मी उभं आयुष्य कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. एवढं नेटकं चुकीचं अनुमान पदवीच्या पोरांनीही कधी माझ्यापुढे ठेवलं नव्हतं. मला हसू आवरेना. तिला मात्र हसू येत नव्हतं. तिनं मुलांना वेळेआधीच बिस्किटं वाटून टाकली होती आणि वासरू पिशवीत कोंबून घरी आणलं होतं. ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणाली. पुढच्या रविवारी तिनं दुसराच धडा घेतला. त्याच्या पुढच्या रविवारीही. वासरू मशीनवर, दोऱ्याच्या रिळांशेजारी बसून राहिलं.

इथे तिच्या मुलाचं सांगायला हवं. तो परमुलखात नोकरीला आहे. आधी दर रविवारी फोन यायचा. मग सणासुदीला. मग नुसता ‘ठीक आहे’ असा मेसेज, आणि आता तोही नाही. भांडण म्हणावं तर तसं झालं नाही. तो मजेत आहे, त्याच्या मित्राच्या आईकडून कळतं, वजनही वाढलं आहे म्हणे. फक्त आईशी बोलत नाही. ही रोज मशीन सुरू करायच्या आधी चाकावर हात ठेवून, डोळे मिटून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मी माझा पेपर वाचत बसायची, मला तिची सगळी प्रार्थना पाठ झाली होती.

एक दिवस माझ्या लक्षात आलं की पेपर संपला तरी मला प्रार्थना ऐकू आलेली नाही. ती आली, बसली, वासराच्या डोक्यावर थापटलं आणि सुई ओवायला लागली. दुपारी मी पाणी प्यायला उठले तर पुढच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं. मला वाटलं गिऱ्हाईक आलं. डोकावले तर ही कॉलर उलटवता उलटवता वासराला सांगत होती, ‘मित्राच्या आईला फोन करतो. तिच्या गुडघ्यांची चौकशी करतो. माझे गुडघे काय सायकलचे आहेत?’

मी मागे फिरले. माझ्यासारखीनं मागे फिरणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

मग पाळकसाहेब आले. तरुण आहेत, मऊ बोलतात, खुर्चीच्या टोकावर बसतात. कुणाकुणाच्या आयांनी त्यांच्याकडे कुरकुर केली होती. ती दात पडलेली मुलगी घरी उशीलाच वासरू समजून तिला परीक्षेत पास कर असं सांगते म्हणे. पाळकसाहेबांना यात काही मोठं पाप दिसत नव्हतं, पण धडा अर्धवट राहिला आहे तो बाईंनी पुरा करावा, एवढंच त्यांचं म्हणणं. बोलताना त्यांची नजर मशीनवरच्या वासराकडे जायची आणि चटकन परत यायची.

भावजयीनं त्यांना सरळ सांगितलं की वर्गासाठी आता दुसरं कुणीतरी बघा. पाळकसाहेबांनी बशीत चहा सांडला. दुसरं कोण आहे, त्यांनी विचारलं. दुसरं कुणीच नाही हे तिघांनाही माहीत होतं. देव ऐकतो असं मुलांपुढे उभं राहून सांगायला आपल्याला आता जड जातं, ती म्हणाली, आणि जे जड जातं ते मुलांना लगेच कळतं. पाळकसाहेबांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग एक रविवार तरी या, तो धडा संपवा, मग ठरवू, असं म्हणून गेले. मला त्यांचं एक आवडलं, त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनाही रात्री असले प्रश्न झोपू देत नसावेत.

ते गेल्यावर मी म्हटलं, ‘तू त्या चिंधीशी बोलतेस.’

‘बोलते.’

‘देवाशी बोलायचं सोडून?’

ती कपबशा उचलत होती. तशीच थांबली. ‘वन्सं, त्याच्याशी बोलले की उत्तराची वाट बघावी लागते. याच्याकडून येणारच नाही, हे माहीत असतं. बरं वाटतं. मी दमलेय हो वाट बघून.’

यावर माझ्याकडे उत्तर होतं. उत्तरं माझ्याकडे नेहमी असतात. मी कपबशा तिच्या हातातून घेतल्या आणि विसळल्या.

रविवारी पिशवी उचलायला म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. मागच्या खोलीत पोछ्याच्या बादलीशेजारी मला एक बाक मिळाला. मुलांनी वासरू पिशवीतून निघालेलं पाहिलं आणि एकच गिल्ला केला. एकानं लाटणं कुठे म्हणून विचारलं. लाटणं आणलेलं नव्हतं.

तिनं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, पण नेहमीसारखी नाही. नेहमीच्या गोष्टीत ते लोक दुष्ट असायचे आणि ती आवाज काढून त्यांचं नाचणं दाखवायची. या वेळी ती बसून बोलली. मोशे गेला तो येईचना, ती म्हणाली. रोज डोंगराकडे बघायचं, वर नुसता धूर. कुणी सांगायला तयार नाही की तो येणार आहे की नाही. ‘ते लोक वाईट नव्हते रे. दमले होते. दमलेल्या माणसाला समोर काहीतरी लागतं.’

मग तिनं वासरू मांडीवर घेतलं. ‘मीसुद्धा याच्याशी बोलते. घरी. रोज.’

मला वाटलं आता मुलं हसतील. एक हसलाही. दुसरा म्हणाला की तो फ्रिजशी बोलतो. दात पडलेली मुलगी मात्र पुढे सरकली. ‘काय म्हणतं ते?’

‘काही नाही.’

‘देव तरी कुठे काय म्हणतो?’

पलीकडून उपासनेतलं गाणं ऐकू येत होतं, कुणीतरी नेहमीप्रमाणे बेसूर. आता ही काय सांगणार, याकडे माझं सगळं लक्ष. ती रडली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

‘कधीकधी काहीच म्हणत नाही,’ ती म्हणाली. ‘खूप दिवस म्हणत नाही. पण त्याला मी केलेलं नाही. याला मी केलंय. याच्या पोटात काय आहे ते मला माहीत आहे.’

पर्समधून तिनं छोटी कात्री काढली आणि वासराच्या पोटाची शिवण उसवायला घेतली. टाके बारीक होते, तिचेच. बोटं दुखत होती, वेळ लागला. मुलं कोंडाळं करून बघत राहिली. शिवण सुटली तशी आतून कात्रणं बाहेर यायला लागली: निळी, करडी, चौकड्याची. एक पोरगा ओरडला की ही तर त्याच्या चड्डीची आहेत. दुसरीनं आपल्या स्कर्टची चौकडी ओळखली. मग सगळी हात घालून आपापली शाळा शोधायला लागली. जमिनीवर ढीग झाला.

‘त्या लोकांनीसुद्धा आपल्याच कानांतलं सोनं दिलं होतं,’ ती म्हणाली. ‘यात सगळं माझं नि तुमचंच आहे. दुसरं कुणी नाही आत. याच्याशी बोलले म्हणजे मी माझ्याशीच बोलले. मी तुम्हाला सांगत होते की जे फुटतं ते देव नव्हे. ते चुकलं. न फुटणारंही खूप असतं. मी जे केलं, ते मला कसं सांभाळेल? उलट मलाच त्याला उचलून न्यावं लागतं, पिशवीत घालून.’

दात पडलेल्या मुलीनं रिकामं सोनेरी सॅटिन उचललं आणि घरी नेऊ का म्हणून विचारलं. नको, ती म्हणाली, तुझ्या घरी त्याचं पुन्हा वासरू होईल. तिनं ते कापड घडी घालून फळ्याच्या खिळ्याला अडकवलं, फळा पुसायला. मग बिस्किटं वाटली. मुलांना या वर्षीही बिस्किटंच लक्षात राहतील की काय, सांगता येत नाही.

परतताना ती वाटेत दोनदा थांबली. वर्ग सोडणार का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. घरी येऊन आम्ही जेवलो, मी पेपर घेऊन बसले. संध्याकाळी ती मशीनवर जाऊन बसली. दिवा लावला नव्हता. तिनं चाकावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

तिची जुनी प्रार्थना फार व्यवस्थित असायची. हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी आभारस्तुती करतो, तुझ्या अपार कृपेने. पाळकांनी लिहून दिल्यासारखी. वासराशी ती तशी कधी बोलली नाही. त्याच्याशी ती गिऱ्हाइकाशी, भाजीवाल्याशी, माझ्याशी बोलते तशी बोलायची. आणि त्या संध्याकाळी तिनं तोंड उघडलं ते त्याच भाषेत.

‘हे बघ,’ ती म्हणाली, ‘मी आज पोरांसमोर तुझी बाजू घेतली. मला येत नव्हतं तरी घेतली. आता मी काय सांगते ते ऐक. मला माझ्या मुलाचा राग येतो. तुझाही येतो. मी थकलेय, आणि तू गप्प बसतोस ते मला आवडत नाही.’

थोडं थांबून तिनं ‘आमेन’ म्हटलं. मग दिवा लावला आणि सुई ओवता येत नाही म्हणून मला हाक मारली.

मुलाचा फोन आलेला नाही. ती रोज सकाळी चाकावर हात ठेवून देवाशी भांडते, कधी इतकं मोठ्यानं की मला पेपरातली ओळ पुन्हा वाचावी लागते. रविवारी वर्गावर जाते. पाळकसाहेबांनी दुसरं कुणी मिळालं का, हे अजून तिला सांगितलेलं नाही, आणि तिनं विचारलेलं नाही.